माझं इंजिन कधीच बंद पडलं नाही

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे विमानातला थरारक प्रसंग मागितला आहे. तो माझ्याकडे नाही. माझ्या मेहुण्याकडे आहे. पण मेहुण्याला लिहायचा कंटाळा आणि मला लिहायची खोड, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. प्रसंग त्याचा, मेहनत माझी. आमच्या दोघांत पहिल्यापासून हीच वाटणी आहे.

मी मॉरिशसच्या उत्तरेला, पितों गावाजवळच्या एका साखरेच्या मळ्यावर विमान चालवत असे. मळ्याला आम्ही कोठी म्हणतो. कोठीचं स्वतःचं छोटं विमान होतं. दोन जागा, पंखांवर रंगवलेलं कापड, पुढे लाकडी पंखा. उसाच्या मधोमध गवताची एक लांब पट्टी होती, तीच आमची धावपट्टी. उंचावरून ऊस बघणं, कोरड्या महिन्यांत आगीवर लक्ष ठेवणं, वादळानंतर किती आडवं झालं त्याचा अंदाज घेणं, ही कामं. उरलेला वेळ पाहुण्यांना फिरवण्यात जाई. पाहुण्यांना बेट बघायचं नसे, स्वतःचं घर बघायचं असे. एक गृहस्थ तर स्वतःच्या वाढदिवशी स्वतःच्याच बंगल्यावर फुलं टाकायला आले. फुलं वाऱ्याने शेजाऱ्याच्या अंगणात पडली, आणि परत येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा धडा एकच. विमान नुकतंच जमीन सोडून वर निघालं आहे आणि इंजिन बंद पडलं, तर काय करायचं. लोकांना वाटतं की विमान दगडासारखं पडतं. तसं होत नाही. ते घसरगुंडीसारखं पुढे पुढे खाली येतं, आणि तेवढ्या वेळात माणसाला दोन मोह होतात. पहिला मोह, नाक वर ओढायचा, कारण जमीन जवळ दिसते. नाक वर ओढलं की वेग मरतो आणि पंख विमानाला उचलून धरायचं सोडून देतात. तेव्हा मात्र दगडासारखंच पडतं. म्हणून नाक ताबडतोब खाली दाबायचं, मन कितीही नको म्हणालं तरी. दुसरा मोह जास्त वाईट. ज्या पट्टीवरून उडालो ती मागेच आहे, सपाट आहे, ओळखीची आहे, तर वळून परत जाऊ. तेवढ्या उंचीवरून वळण पुरं होत नाही. वळता वळता विमान एका पंखावर कलंडतं आणि उरलेलं काम जमीन करते. जे काही आहे ते समोर आहे, किंवा थोडं डावी-उजवीकडे. त्यातलं बरं शोधायचं, पेट्रोल बंद करायचं, दार उघडं ठेवायचं आणि होता होईल तितकं हळू टेकायचं.

आमच्याकडे समोर फक्त ऊस. उसाचं गणित उलटं आहे. कापलेलं शेत वरून मऊ चटईसारखं दिसतं, पण आमच्या जमिनीतून निघालेले काळे दगड पूर्वजांनी शेताशेतात रचून ठेवले आहेत, आणि कापलेल्या शेतात माणसंही असतात. उभा ऊस भयंकर दिसतो, पण त्याच्या शेंड्यांनाच जमीन समजून हळू टेकलं तर तो विमानाला झेलतो. विमान मोडतं. माणूस बहुधा वाचतो. म्हणून मी रोज सकाळी सायकलवरून सिरदाराकडे जाऊन विचारत असे की आज कुठलं शेत कापताय. सिरदार म्हणजे कापणीच्या टोळीचा मुकादम. तो म्हणायचा, "आज बी मरायचा बेत हाय वाटतं." मग उडण्याआधी मी मोठ्याने म्हणत असे: इंजिन गेलं तर इथे, त्यानंतर गेलं तर तिथे. पाहुणे घाबरत. मला त्याची पर्वा नव्हती.

इतकी वर्षं रोज सकाळी मी तयार होतो, आणि माझं इंजिन चालतच राहिलं. एकदा फक्त ते खोकलं. उड्डाणानंतर लगेच, दोनदा. माझं मन कमालीचं शांत झालं, हात आपोआप चालू लागले, डोळ्यांनी शेत निवडलं. तेवढ्यात इंजिनाने घसा साफ केला आणि ते पुन्हा गाऊ लागलं. मी फेरी मारून उतरलो. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, इंजिन बंद पडलं नाही.

माझी बायको काशी. तिचा धाकटा भाऊ सखाराम, म्हणजे संपादकांना हवा असलेला माणूस. त्याच्या घरात आजोबांपासून सगळ्यांनी कोयता चालवलेला. त्याला विमान मीच शिकवलं, कारण काशीने सांगितलं. तो चांगला शिकला. मला जे पाठ करून करावं लागे ते त्याला हसत हसत येई. उतरताना त्याची चाकं गवताला लागली की नाही ते कळत नसे. माझी लागलेली सगळ्या कोठीला कळत. एखाद्या गवयाला आपल्याच शिष्याचा गळा ऐकून काय वाटत असेल, ते मला गाणं न येता समजलं.

साठ सालच्या मोठ्या वादळांनंतर काही वर्षांनी कोठीने इंग्लंडहून नवं विमान मागवलं. चार जागा, पत्र्याचे पंख. ते आल्यावर जुनं बंद होणार आणि वैमानिक एकच राहणार, असं कोठीच्या साहेबाने सांगून ठेवलं. साहेब फ्रेंच घराण्यातला होता. आम्ही त्याला मिस्ये म्हणत असू. "जो चांगला, तो राहील," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्याचं पुढे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला इंजिन दुरुस्ती येत होती, कारखान्यात कुठेतरी चिकटलो असतो. सखारामला विमानाखेरीज कोयताच येत होता.

आणि गणपती आले. भाद्रपद म्हणजे आमच्याकडे ऐन कापणी. मिस्येला दरवर्षी नदीवर पाच दिवसांच्या गणपतीची मिरवणूक दिसत असे, म्हणून त्याने मराठी मजुरांना पाचव्या दिवशी सुट्टी जाहीर केली. आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे मीही सुट्टीवर होतो. त्या सकाळी माझ्या पाळीचं उड्डाण सखारामने केलं. हे वाक्य लिहिताना अजूनही माझं पोट दुखतं.

आम्ही नदीच्या काठावर होतो. झाकरीवाले फेर धरून नाचत होते, मी झांज वाजवत होतो. वरून आमच्या विमानाचा आवाज येत होता, आणि मग तो एकदम थांबला. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. झाकरी चालूच होती. मी झांज खाली ठेवली. शेजारचा म्हणाला, "काय झाला?" मी म्हटलं, "इंजिन गेलं." तो म्हणाला, "कुणाचा?"

मी ओल्या धोतरानिशी धावलो. धावताना माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. अर्ध्या मनात सखाराम होता. उरलेल्या अर्ध्यात होतं की ते इंजिन माझं होतं.

विमान उभ्या उसात पालथं पडलं होतं, शेपूट वर, पीटर बोथच्या डोंगराकडे रोखलेलं. सखाराम कडेच्या दगडांच्या ढिगावर बसला होता. उसाच्या पात्यांनी त्याचं तोंड कापलं होतं, बाकी काही नाही. भोवती कापणीच्या बायका उभ्या होत्या, डोक्याला फडकी, हातात कोयते. त्याची आत्या त्याला पाणी पाजत होती आणि शिव्या देत होती.

"लागला काय कुठं?" मी विचारलं.

"नाय, भावजी."

मग मी जे विचारलं ते काशीने मला अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. "डावीकडं का नाय गेलास?" कारण डावीकडचं शेत आदल्या दिवशीच अर्धं कापलं होतं. दगड कमी होते, उतार चांगला होता, आणि सुट्टी म्हणून ते रिकामंच असणार असं मी धरून चाललो होतो. ते शेत मी स्वतः मनात नेमून ठेवलं होतं.

सखारामने हनुवटीने आत्याकडे खूण केली. "ही सगळी तिथं होती."

"वरून दिसली तुला?"

"दिसायला वेळ कुठं होता. ठाव होता. आमचा गणपती दीड दिवसाचा."

त्याच्या वाडीतली सगळी घरं दीड दिवसाच्या गणपतीची. त्यांनी सिरदाराला सांगून गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आपलं विसर्जन उरकलं होतं आणि त्याच्या बदल्यात सुट्टीच्या दिवशी कापणीला आली होती. माझ्या बायकोचं माहेरच ते. त्यांच्याकडचे मोदक मी तीन दिवसांपूर्वी खाल्ले होते. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण विमानात, त्या क्षणी, मला ते आठवलं असतं का? हा प्रश्न सखारामला कुणी विचारत नाही. मला मीच विचारतो.

इंजिनात काय झालं ते लवकर सापडलं. आतली एक झडप तुटली होती, त्यात कुणाचीच चूक नव्हती. पण विमान मोडलं होतं, आणि ज्याचं विमान मोडतं त्याला चूक हवी असते. मिस्येने सरकारला कळवलं की डावीकडे मोकळं, कापलेलं शेत असताना वैमानिकाने घाबरून विमान उभ्या उसात घातलं. हे खरं ठरलं तर सखारामचा परवाना जाणार होता.

चौकशी कोठीच्या बंगल्यात, जेवणघरात झाली. भिंतीवर मिस्येचे पूर्वज आणि त्यांचे घोडे. घोडे जास्त हुशार दिसत. टेबलापलीकडे एक सरकारी अधिकारी आणि एक निवृत्त लष्करी गृहस्थ. हे गृहस्थ विमानात एकदाच बसले होते, पण चौकशीला ते अध्यक्ष म्हणून शोभत. मिस्येने सांगितलं की शेत रिकामं होतं, कारण सुट्टी त्यानेच दिली होती. सखारामने सांगितलं की माणसं होती. माणसं तुला दिसली का, असं विचारल्यावर तो खरं बोलला: नाही. अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या.

मग मला बोलावलं. "तुम्ही याचे शिक्षक. याच्या जागी तुम्ही कुठे उतरला असता?"

मी म्हटलं, "डावीकडे."

मिस्ये खुर्चीत मागे रेलला. सखाराम टेबलाच्या पायाकडे बघत होता. मी इथे थांबलो. मला ठसका लागला असं लोकांना वाटलं. ठसका नव्हता. चार जागांचं, पत्र्याच्या पंखांचं विमान माझ्या डोळ्यांसमोरून एकदा सावकाश उडून गेलं. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. तिथेच उठून गेलो असतो तरी माझ्या शब्दाला कुणी बोट लावलं नसतं.

मग मी पुढचं बोललो. "आणि मी तिथली माणसं मारली असती. शेत रिकामं नव्हतं. सिरदाराला बोलवा."

सिरदार टोपी हातात घेऊन आला. तो बेटावरच्या क्रेओल बोलीत बोलत होता, ते मी अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगत होतो.

"मी सुट्टी दिली होती," मिस्ये म्हणाला.

"दिलीत, मिस्ये. मेहरबानी."

"मग टोळी शेतात काय करत होती?"

"ऊस कापत होती."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टी गणपतीची होती, मिस्ये. यांचा गणपती आधीच गेला."

अधिकाऱ्याने मला विचारलं, "कुठे गेला?" मी म्हटलं, "नदीत." अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं की मग पाचव्या दिवशी नदीत गेला तो कोण. मी सांगितलं की तोही गणपती. त्यांनी गंभीरपणे विचारलं, म्हणजे देव दोन आहेत का. सिरदाराला प्रश्न समजावून सांगितला. तो म्हणाला, "देव एकच, साहेब. मुक्काम घरागणिक." हे मी जसंच्या तसं भाषांतरित केलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं.

"आणि ही अदलाबदल कुणाला विचारून केली?" मिस्ये म्हणाला.

सिरदाराने माझ्याकडे पाहिलं, मग सखारामकडे. "मला विचारून," तो म्हणाला. "मी हो म्हटलं." या उत्तराने त्याची सिरदारी गेली असती. पण टोळी शेतात होती हे एकदा मान्य झाल्यावर, टोळी वाचली हेही मान्य करावं लागत होतं, आणि वाचलेल्या टोळीच्या सिरदाराला काढणं बरं दिसत नाही. मिस्ये मूर्ख नव्हता.

परवाना राहिला. त्यानंतर जे झालं ते मला चौकशीपेक्षा जड गेलं. वर्तमानपत्रात सखारामचा फोटो आला. बैठकेत, म्हणजे आमच्या वस्तीच्या सभाघरात, सत्कार झाला, आणि मिस्येने तिथे भाषण केलं की आमच्या कोठीचं शिक्षणच असं आहे. शिक्षण म्हणजे मी. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्रियोले गावाहून आलेला एक जण मला म्हणाला, "तुमी बी विमान चालवता ना? तुमचं कधी बंद पडलं?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "हां," आणि सखारामला भेटायला पुढे गेला.

घरी काशी म्हणाली, "बाया दुसरीचा दागिना बघून जळतात. तुमी दुसऱ्याचा अपघात बघून जळता. असा माणूस मी नाय बघितला."

कापणी संपली आणि नवं विमान आलं. ते सखारामला मिळालं. दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. मला कोठीने शिक्षक म्हणून थोडे महिने ठेवलं, म्हणजे त्याचा हात नव्या विमानावर बसेपर्यंत.

एका रविवारी दुपारी तो घरी आला. काशीने भात वाढला. त्याने खाल्ला नाही.

"भावजी, माझा हात पुढं जात नाय."

"कुठला हात?"

"इंजिनाचा दांडा पुढं करायचा तो. पट्टीवर उभा ऱ्हातो, सगळा तपासतो, आनि हात तिथंच. काल मिस्येला सांगितला, वारा बरा नाय. वारा बरा होता."

"कुणाला बोललास?"

"तुमालाच."

काशी माझ्याकडे बघत होती. ती बोलत नाही तेव्हा फार बोलते. मला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. दोन-तीन वेळा वारा बरा नसता, आणि मिस्येला दुसरा वैमानिक लागला असता. आणि सखाराम डोक्याला फडकं बांधून आत्याच्या शेजारी उभा राहिला असता. कुठल्या शेतात, ते मला रोज सकाळी सिरदाराने सांगितलंच असतं.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं. "वारा बरा असला नसला तरी."

सोमवारी आम्ही नव्या विमानात शेजारी बसलो. त्याचा हात दांड्यावर गेला आणि थांबला. मी त्यावर माझा ठेवला आणि दोन्ही मिळून पुढे केले. विमान धावलं, उठलं. जुनं इंजिन जिथे गेलं होतं त्या उंचीवर त्याचा श्वास थांबल्याचं मला शेजारी कळलं. "बोल," मी म्हटलं. "आता गेलं तर कुठं?" मी त्याला कोपराने ढोसलं. "बोल, सखाराम. आत्या कुठं हाय आज?"

"उजवीकडं," तो म्हणाला. "ओढ्याच्या अंगाला."

"मग?"

"मग डावीकडं. उभ्या उसात. शेंड्यांवर."

"आता गेलं तर?"

तो सांगत गेला. त्या आठवड्यात आम्ही रोज उडालो, आणि रोज तो माझ्या हाताखालून आपला हात थोडा आधी पुढे करू लागला. त्या सगळ्या दिवसांत मला त्याचा हेवा वाटला नाही. मला ते चमत्कारिक वाटलं, एखादा जुना दुखणारा दात अचानक गप्प व्हावा तसं. शेजारी बसलेला माणूस घामाने भिजलेला असताना त्याच्या नशिबावर जळणं मला जमलं नाही. मला तो फक्त बरा व्हायला हवा होता.

मग एका सकाळी पट्टीच्या टोकाला मी दार उघडून खाली उतरलो. "आता तू जा," मी म्हटलं. मी बाजूला गवतात सिरदाराशेजारी जाऊन उभा राहिलो. विमान बराच वेळ तिथेच उभं राहिलं. सिरदार म्हणाला, "आज वारा बरा नाय काय?"

मग ते धावलं, उचललं गेलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. ती उंची आली. आवाज तसाच राहिला, सलग, भरदार. ते वर चढत राहिलं, चकचकीत, माझ्याशिवाय, आणि मग त्याने इतकं सुरेख वळण घेतलं की तसं मला जन्मात जमलेलं नाही.

माझ्या पोटात जळजळ सुरू झाली. तेव्हा मला कळलं की पोरगा बरा झाला आहे. मी सिरदाराकडे विडी मागितली.